मॉडरेटर कसे निवडतात? चर्चच्या महासभेतील अध्यक्षपदाची रीत

यावल : यावल तालुक्यातील फैजपूर येथे 27 व 28 डिसेंबर 1936 रोजी काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, हे खानदेशात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या बरोबरीने सरदार वल्लभभाई पटेल यांचेही नाव पुढे आले होते, ही माहिती मात्र फारशी सांगितली जात नाही. पटेलांनी आपले नाव मागे घेतले आणि नेहरूंची निवड झाली. नाव मागे घेताना पटेलांनी एक निवेदन प्रसिद्ध केले होते. काँग्रेसच्या अध्यक्षाला हुकूमशहाचे अधिकार नसतात. तो एका सुसंघटित संस्थेचा सभापती असतो, सभेचे काम नियमाने चालवितो आणि संस्थेने वेळोवेळी केलेले निर्णय अमलात आणतो. कोणाही व्यक्तीला निवडून दिल्याने संस्था स्वतःचे अधिकार तिच्या हवाली करीत नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता.

एका राजकीय संस्थेच्या संदर्भात मांडलेले हे तत्त्व प्रॉटेस्टंट चर्चच्या सभांमध्ये त्यापूर्वी पावणेचारशे वर्षे अमलात होते. या सभांच्या अध्यक्षाला 'मॉडरेटर' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आवर घालणे, मर्यादेत ठेवणे असा आहे. वृत्तपत्रांतून या पदाचा उल्लेख पुष्कळदा 'सर्वोच्च धर्मगुरू' असा केला जातो. तो बरोबर नाही. मॉडरेटर हा चर्चचा प्रमुख नसून चर्चच्या सर्वोच्च सभेचा प्रमुख असतो, आणि तोही ठराविक मुदतीपुरता. भारतातील मोठ्या प्रॉटेस्टंट चर्चची सारी घटनात्मक रचना या एका भेदावर उभी आहे. तो भेद विसरला गेला, की वाद सुरू होतात आणि ते न्यायालयापर्यंत जातात.

तीन परंपरा, तीन रीती

ख्रिस्ती चर्चचा कारभार चालविण्याच्या ढोबळमानाने तीन पद्धती आहेत. पहिली बिशपांची. तीत धर्मप्रांताचा अधिकार बिशपकडे असतो आणि पाळकांची नेमणूक तो करतो. दुसरी वडिलांच्या सभांची, म्हणजे प्रेसबिटेरियन पद्धत. तीत एकट्या व्यक्तीला कोणताच मोठा अधिकार नाही. पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील मिळून सभा करतात आणि सभांची एकावर एक चढती श्रेणी असते. तिसरी पद्धत काँग्रिगेशनल. तीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते आणि वरच्या सभेला केवळ सल्ला देता येतो.

महाराष्ट्राला या तिन्ही पद्धती एकाच शतकात भेटल्या. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 साली व अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे 1831 साली सुरू झाले. त्या मंडळ्या काँग्रिगेशनल वळणाच्या होत्या. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी मुंबई आणि नागपूर येथे प्रेसबिटेरियन पद्धत घेऊन आले. इंग्लंडच्या चर्चने 1837 साली मुंबईत बिशप नेमला आणि 1929 साली मुंबईच्या धर्मप्रांतातून नाशिकचा धर्मप्रांत वेगळा काढला. खानदेशात पुढे आणखी दोन प्रवाह आले. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात अलायन्स मिशनने काम केले, तर धुळे-नंदुरबारकडील आदिवासी भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने. त्यामुळे आजही खानदेशात एकाच शहरातील दोन प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे उपासनेचे स्वरूप मिळतेजुळते असले, तरी त्यांचा अध्यक्ष कोण आणि त्याला निवडतो कोण, या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी मिळू शकतात.

एडिंबरोच्या खुर्चीवर मुंबईचे विल्सन

मॉडरेटर या पदाचा उगम स्कॉटलंडमध्ये झाला. तेथील सुधारलेल्या चर्चची पहिली महासभा 1560 साली भरली. राजा आणि बिशप या दोघांच्याही हातून चर्चचा कारभार काढून तो सभेच्या हाती द्यावा, असा त्या चळवळीचा आग्रह होता. पण सभा म्हटली की ती चालविणारा कोणीतरी हवाच. त्यावर तोडगा असा निघाला, की सभेने आपल्यातूनच एकाला निवडावे, त्याने त्या सभेपुरते काम पाहावे आणि नंतर पुन्हा इतरांच्या रांगेत जाऊन बसावे. सर्व सभासद समान आणि मॉडरेटर हा समानांतील पहिला, एवढेच त्याचे स्थान.

स्कॉटलंडच्या चर्चमध्ये आजही ही मुदत एक वर्षाची आहे. नाव आदल्या वर्षीच नामनिर्देशन समिती ठरविते. त्यानंतर मे महिन्यात एडिंबरो येथे महासभा भरते, तेव्हा पहिल्याच दिवशी हे नाव सभेपुढे मांडले जाते आणि सभा रीतसर निवड करते. म्हणजे निवडणूक औपचारिक असते, पण सभेने निवड केल्याखेरीज कोणी खुर्चीवर बसत नाही. खुर्चीवर बसल्यावर मॉडरेटरने वादविवादात पक्ष घ्यायचा नाही, असा संकेत आहे. महासभेला राजाचा प्रतिनिधी उपस्थित असतो. त्याचे आसन ज्या सज्जात असते, तो सभागृहाच्या हद्दीबाहेर समजला जातो आणि त्याला चर्चेत बोलण्याचा अधिकार नाही. राजसत्तेचा मान राखायचा, पण तिला सभेत शिरू द्यायचे नाही, याची ही मोठी सूचक व्यवस्था आहे.

या इतिहासाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले. मराठीसह अनेक भाषांचा त्यांचा अभ्यास होता. 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. जमीनदाराने सुचविलेला पाळक मंडळीवर लादता येतो काय, हा वादाचा मुख्य प्रश्न होता. लादता येणार नाही, असे म्हणणारे शेकडो पाळक आपली घरे व वेतन सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. थॉमस चामर्स हे त्याच्या पहिल्या महासभेचे मॉडरेटर झाले. हजारो मैलांवर असलेल्या विल्सन यांनीही फ्री चर्चची बाजू घेतली आणि त्याची किंमत म्हणून मुंबईतील शाळेच्या इमारतीवर पाणी सोडले. पुढे 1870 साली याच फ्री चर्चच्या महासभेने त्यांना मॉडरेटर निवडले. त्यासाठी ते स्कॉटलंडला गेले, सभेचे काम पाहिले आणि मुंबईला परतले. 1 डिसेंबर 1875 रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ यांना तर हा मान दोनदा, 1851 व 1873 साली मिळाला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मॉडरेटर झाल्याने विल्सन यांचा मुंबईतील दर्जा किंवा अधिकार बदलला नाही. परत आल्यावर ते पूर्वीप्रमाणेच मिशनरी आणि अध्यापक राहिले. आपल्याकडे 'माजी' हा शब्दही पदाप्रमाणे मिरविला जातो. ज्या पद्धतीत अध्यक्ष वर्षभराने आपोआप पायउतार होतो, तिथे त्या शब्दाला फारसा भाव राहत नाही.

नागपूरचे ऐक्य आणि सिनड

विसाव्या शतकात भारतातील चर्चना वेगवेगळ्या परदेशी परंपरांचे ओझे जड वाटू लागले. 1924 साली उत्तर भारतातील प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झाले. दक्षिणेत 27 सप्टेंबर 1947 रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया अस्तित्वात आले. उत्तरेतील वाटाघाटी 1929 पासून चालू होत्या. त्यांना चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय. ची स्थापना झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा प्रवाह त्यात मिसळले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले.

चाळीस वर्षे लागण्याची कारणे अनेक होती. त्यांपैकी अध्यक्षपदाचा प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे. अँग्लिकन मंडळींना बिशपाशिवाय चर्चची कल्पना करवत नव्हती. प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळींना एका माणसाच्या हाती अधिकार जाण्याची धास्ती होती. अखेर दोन्ही बाजूंनी थोडे सोडले. बिशप राहिले, पण ते घटनेने बांधलेले बिशप झाले. बिशपांच्या वर आर्चबिशप मात्र ठेवला नाही. त्या जागी आली महासभा, तिचे नाव सिनड; आणि सिनडचा अध्यक्ष म्हणून प्रेसबिटेरियन परंपरेतून मॉडरेटर हे नाव उचलले. बिशपांच्या चर्चला वडिलांच्या सभेचा अध्यक्ष, असा हा मिलाफ आहे.

सिनडपर्यंत जाणारी शिडी खालून वर चढते. सर्वांत खाली स्थानिक मंडळी. तेथे प्रभुभोजनाचा अधिकार असलेले सभासद मतदान करून पास्टरेट समिती निवडतात. समितीचा अध्यक्ष मात्र निवडला जात नाही. मंडळीचा पाळक हा पदसिद्ध अध्यक्ष असतो. त्याच्या वर धर्मप्रांताची परिषद. तीत पाळक आणि मंडळ्यांनी पाठविलेले प्रतिनिधी बसतात आणि अध्यक्षस्थानी बिशप असतो, तोही पदसिद्ध. खानदेशातील सी.एन.आय. च्या मंडळ्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात. सर्वांत वर सिनड. त्यात सर्व धर्मप्रांतांचे बिशप पदसिद्ध सभासद असतात, तर पाळक आणि सामान्य सभासद यांचे प्रतिनिधी धर्मप्रांतांच्या परिषदांकडून निवडून येतात. सिनडची साधारण सभा दर तीन वर्षांनी भरते.

म्हणजे अध्यक्षाची खरीखुरी निवडणूक होते ती फक्त शिडीच्या शेवटच्या पायरीवर. मंडळीत पाळक आपोआप अध्यक्ष, परिषदेत बिशप आपोआप अध्यक्ष. सिनडमध्ये मात्र सत्तावीसेक बिशप एका रांगेत बसलेले असतात आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या वर नसतो. म्हणून तेथे मत घ्यावेच लागते. सिनड चार पदाधिकारी निवडते : मॉडरेटर, उपमॉडरेटर, सरचिटणीस आणि खजिनदार. पहिली दोन पदे बिशपांमधूनच भरली जातात. पण मत देणाऱ्यांत बिशपांबरोबर पाळक आणि सामान्य सभासदही असतात. सरचिटणीस आणि खजिनदार ही पदे सामान्य सभासदालाही मिळू शकतात आणि मिळालेली आहेत. दैनंदिन कारभार, पत्रव्यवहार, मालमत्तेचे कागद हे सारे सरचिटणिसांच्या कार्यालयातून चालत असल्याने, जाणकार मंडळी मॉडरेटरच्या निवडणुकीइतकेच लक्ष या निवडणुकीकडे ठेवतात.

निवडलेला मॉडरेटर पुढील त्रैवार्षिक सभेपर्यंत पदावर राहतो. तो स्वतःचा धर्मप्रांत सोडत नाही. दिल्लीतील सिनडचे काम आणि आपल्या धर्मप्रांताचे काम त्याला एकाच वेळी पाहावे लागते. सिनडच्या व कार्यकारी समितीच्या सभांचे अध्यक्षस्थान, नव्या बिशपांच्या दीक्षाविधीतील प्रमुखपद, रिकाम्या झालेल्या धर्मप्रांताची तात्पुरती व्यवस्था ही त्याची मुख्य कामे. दुसऱ्या बिशपाच्या धर्मप्रांतात मनाला येईल तसा हात घालण्याचा अधिकार त्याला नाही. सी.एन.आय. चे पहिले मॉडरेटर दिल्लीचे बिशप एरिक नासिर होते. ज्या नागपुरात हे चर्च जन्माला आले, तेथील बिशप विनोद पीटर यांच्याकडेही 1998 च्या सुमारास हे पद आले.

या व्यवस्थेची एक कच्ची बाजू सांगितली पाहिजे. भुसावळच्या किंवा जळगावच्या मंडळीतील सामान्य सभासद मत देतो तो पास्टरेट समितीसाठी. त्याचे मत मॉडरेटरपर्यंत पोचते ते दोन-तीन पायऱ्या चढून, दुसऱ्यांच्या हातांतून. प्रत्येक पायरीवर प्रतिनिधींची संख्या आटत जाते, आणि अखेरच्या मतदानाला बसणारे सभासद एकमेकांना चांगले ओळखणारे असतात. अशा सभेत गटबाजीला फारसे कष्ट पडत नाहीत. शिवाय उमेदवार बिशपांतूनच यायचा असल्याने निवडीचे क्षेत्र मुळातच आखूड. स्त्रियांच्या बाबतीत तर हे कुंपण दीर्घकाळ बंदच होते. दक्षिणेतील चर्चमध्ये 2013 साली नंद्याळच्या धर्मप्रांतासाठी एग्गोनी पुष्पललिता यांना बिशप म्हणून दीक्षा मिळाली, तेव्हा तेथे निदान दार उघडले. स्कॉटलंडमध्ये बिशपच नसल्याने अडचण निराळी होती आणि ती आधी सुटली : 2004 साली ॲलिसन एलियट या तेथील महासभेच्या पहिल्या महिला मॉडरेटर झाल्या, आणि त्या पाळकही नव्हत्या, मंडळीच्या वडील होत्या.

मुदतीच्या मध्येच अध्यक्षपद अडचणीत आले तर काय, याचे उदाहरण 2022 साली घडले. सी.एन.आय. चे तत्कालीन मॉडरेटर हे जबलपूरचे बिशपही होते. त्यांच्यावर शैक्षणिक संस्थांच्या निधीच्या संदर्भात मध्य प्रदेशातील आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला आणि सप्टेंबर महिन्यात नागपूर विमानतळावर त्यांना ताब्यात घेण्यात आले. आरोपांची शहानिशा हे न्यायालयाचे काम आहे. चर्चपुरता विचार केला, तर अशा प्रसंगी कार्यभार उपमॉडरेटरकडे जातो आणि त्या वेळीही तसाच तो गेला. एरवी शोभेचे वाटणारे उपमॉडरेटरपद कशासाठी ठेवले आहे, हे तेव्हा दिसून आले.

मुक्तिफौजेची परिषद

अध्यक्षाला बांधून ठेवणारी घटना नसेल तर काय होते, हे मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्व्हेशन आर्मीच्या इतिहासात पाहायला मिळते. 1882 साली मुंबईत उतरलेली ही संस्था महाराष्ट्राला परिचित आहे. अहिल्यानगरचे 'बूथ हॉस्पिटल' तिचेच. त्याचे पूर्ण नाव इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल. या इव्हँजेलिन बूथ यांच्या निवडीची कथा वाचण्यासारखी आहे.

संस्थापक विल्यम बूथ यांनी लष्करी थाटाची रचना केली होती. प्रमुखाचे पद 'जनरल'. जनरलने आपल्या वारसाचे नाव लिहून पाकीट मोहोरबंद करून ठेवायचे आणि त्याच्या मृत्यूनंतर ते उघडायचे, अशी रीत होती. त्या रीतीने विल्यम यांचे पुत्र ब्रॅमवेल जनरल झाले. पण जनरल असमर्थ ठरला तर त्याला दूर करता यावे, यासाठी विल्यम यांनीच 1904 सालच्या दस्तऐवजात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या उच्च परिषदेची तरतूद करून ठेवली होती. तिचा वापर होईल, असे कोणाला वाटले नव्हते.

जानेवारी 1929 मध्ये ती परिषद पहिल्यांदा लंडनजवळ सनबरी कोर्ट येथे भरली. ब्रॅमवेल तेव्हा गंभीर आजारी होते. ते पदाला असमर्थ आहेत, असा निर्णय परिषदेने 55 विरुद्ध 8 मतांनी दिला. ब्रॅमवेल न्यायालयात गेले. आपले म्हणणे ऐकून घेतले गेले नाही, या मुद्द्यावर न्यायालयाने परिषदेला थांबविले. परिषद पुन्हा बसली, त्यांच्या वतीने बाजू मांडू दिली आणि पुन्हा मत घेतले. या वेळी निकाल 52 विरुद्ध 5 असा लागला. त्यानंतर नव्या जनरलची निवड झाली, तीत एडवर्ड हिगिन्स यांना 42 आणि ब्रॅमवेल यांच्या भगिनी इव्हँजेलिन यांना 17 मते पडली. 1931 साली ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि मोहोरबंद पाकिटाची पद्धत संपली. 1934 साली परिषदेने पुन्हा मतदान केले, तेव्हा त्याच इव्हँजेलिन बूथ निवडून आल्या. संस्थेच्या इतिहासातील त्या पहिल्या महिला जनरल.

उच्च परिषदेची सध्याची कार्यपद्धती पाहिली तर 1929 च्या धड्याची छाप तीवर स्पष्ट दिसते. परिषद बसली की पहिले काम म्हणून ती स्वतःचा अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडते, म्हणजे ज्या सभेला जनरल निवडायचा आहे, तिची सूत्रे त्रयस्थ हातांत राहतात. मग नावे सुचविली जातात. ज्यांची नावे येतात त्यांना ती स्वीकारण्याची अथवा नाकारण्याची मुभा असते. स्वीकारणाऱ्यांना प्रश्न विचारले जातात, त्यांची भाषणे होतात आणि मग गुप्त मतदान. पहिल्या तीन फेऱ्यांत दोन तृतीयांशांहून अधिक मते मिळविणाराच निवडून येतो. चौथ्या फेरीपासून निम्म्याहून अधिक मते पुरतात. प्रत्येक फेरीत सर्वांत कमी मते पडणारा गळतो.

शेजारी बुलडाण्यात, आणि कॅथलिकांमध्ये

जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बुलडाण्यात आणि पुढे वाशीमकडे नाझरेन चर्चचे काम मोठे आहे. या चर्चची जागतिक महासभा साधारणतः चार वर्षांनी भरते आणि सहा सर्वाधीक्षक निवडते. तेथे उमेदवारी अर्ज नसतात. प्रतिनिधी मतपत्रिकेवर आपल्या मनातील नाव लिहितो, आणि दोन तृतीयांश मते कोणालातरी मिळेपर्यंत फेऱ्या चालू राहतात. प्रचाराला वाव कमी, वेळ मात्र फार लागतो.

रोमन कॅथलिक चर्चची गोष्ट वेगळी. खानदेशातील कॅथलिक मंडळी 1987 साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. त्यांचा बिशप पोप नेमतात, निवडणूक नाही. खुद्द पोपची निवड कार्डिनल दोन तृतीयांश मतांनी करतात. 8 मे 2025 रोजी चौदावे लिओ यांची निवड 133 कार्डिनलांनी चौथ्या फेरीत केली. पण भारतातील कॅथलिक बिशपांची परिषद आपला अध्यक्ष मतदानानेच निवडते. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस 2010 व 2018 साली या पदावर निवडून आले होते. त्या अध्यक्षालाही इतर बिशपांच्या धर्मप्रांतांवर हुकमत नसते.

मतपेटीनंतरचा कागद

निवडणूक झाली, आभार मानले, प्रार्थना झाली, म्हणजे प्रक्रिया संपली असे बहुतेक सभासदांना वाटते. महाराष्ट्रात ती तेथे संपत नाही. चर्चच्या मालमत्ता बहुतांशी सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नावे असतात आणि त्यांना 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो; आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. या कायद्याच्या कलम 22 नुसार विश्वस्तांत बदल झाला, तर तो 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच 'बदल अर्ज' किंवा 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. अर्जावर हरकत आली की चौकशी होते, आणि सभेची सूचना वेळेवर निघाली होती काय, गणपूर्ती होती काय, मतदार यादीत कोण होते, इतिवृत्तावर सही कोणाची, हे सारे तपासले जाते. चर्चमधील अनेक वाद गाजतात ते सभागृहात; पण त्यांचा निकाल लागतो तो या कागदांवर.

सभेने केलेला ठराव मोठ्या बहुमताचा असला, तरी कायद्याच्या रीतीवाचून तो तोकडा पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 30 सप्टेंबर 2013 च्या निकालात स्पष्ट केले. विनोदकुमार मालविया विरुद्ध मगनलाल मंगलदास गामेती या नावाने तो ओळखला जातो. दक्षिण गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या जिल्हा सभेने 1970 मधील ऐक्याच्या वेळी सी.एन.आय. मध्ये विलीन होण्याचा ठराव केला होता. काही सभासदांनी तो मानला नाही. मालमत्ता कोणाची, हा वाद चार दशके चालला. नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्था केवळ सभेच्या ठरावाने विसर्जित होत नाही आणि तिची मालमत्ताही तेवढ्याने दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. कायद्याने घालून दिलेली रीत पाळावी लागते, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. ज्या ऐक्याच्या समारंभाला नागपुरात सहा चर्चचे प्रतिनिधी जमले होते, त्यातील एका धाग्याची गाठ त्रेचाळीस वर्षांनी दिल्लीत सुटली.

खानदेशातील एखाद्या मंडळीच्या सभासदाला आपल्या संस्थेचे विश्वस्त म्हणून कोणाची नावे नोंदलेली आहेत हे पाहायचे असेल, तर त्यासाठी दिल्लीला किंवा नागपूरला जाण्याचे कारण नाही. जळगाव जिल्ह्यातील संस्थांची नोंदवही जळगावच्या धर्मादाय कार्यालयात असते. ठरलेले शुल्क भरून तिची प्रत मागता येते. शेवटचा बदल अर्ज कधी दाखल झाला आणि तो मंजूर झाला की प्रलंबित आहे, हेही त्याच कार्यालयात कळते.